बाहेरून पाठिंबा : १९७९ चं सरकार नेमकं कोणी पाडलं?

रामबागचा ओटा (इंदूर)

मंडळी, नमस्कार. मागच्या आठवड्यात रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरची ट्रंक उघडली. आत आजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या चोपड्या निघाल्या. आजोबा मालवा मिलमध्ये टाइमकीपर होते, त्यामुळे नोंद ठेवायची सवय हाडात मुरलेली. दूध, घरभाडं, कोळसा, वाण्याची उधारी असं सगळं चाललंय आणि मधेच १९७९ च्या जुलै-ऑगस्टची आठ-दहा पानं निव्वळ राजकारणाची! पानाच्या मधोमध पट्टीने मारलेली उभी रेघ, डावीकडे 'मोरारजी', उजवीकडे 'चरणसिंग', आणि खाली शिसपेन्सिलीने खासदारांची नावं. एखादा इकडून तिकडे गेला की नाव खोडरबराने पुसायचं आणि पलीकडे लिहायचं. जॉर्ज फर्नांडिसांच्या नावाशी कागद इतका झिजलाय की पान उजेडात धरलं तर मागचं बोट दिसतं.

ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जनता पक्ष फुटायला लागला, यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव आणला, आणि मतदानाची वाट न बघता १५ जुलै १९७९ ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला. मग २८ जुलैला चौधरी चरणसिंग पंतप्रधान आणि चव्हाण उपपंतप्रधान. म्हणजे फुटून निघालेला जनता (सेक्युलर) पक्ष आणि चव्हाणांची स्वर्णसिंग काँग्रेस यांची युती, वर इंदिराबाईंच्या काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा. २० ऑगस्टला विश्वासमत होतं, त्याच दिवशी इंदिराबाईंनी हात काढून घेतला आणि चौधरी सभागृहात पाऊल न टाकता थेट राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला गेले. २३ दिवस. मग काळजीवाहू म्हणून जानेवारी १९८० पर्यंत.

तेव्हापासून आपल्याकडे म्हण असल्यासारखं बोलतात की युतीचं सरकार टिकतच नाही. ते मला पटत नाही. चव्हाण आणि चरणसिंग शेवटपर्यंत एकमेकांना सोडून गेले नाहीत हो, पडले ते तिसऱ्यामुळे, जो मंत्रिमंडळात नव्हता! पुढेही तेच झालं. १९९० ला विश्वनाथ प्रताप सिंग गेले, चंद्रशेखर आले. १९९६ ला वाजपेयींनी राजीनामा दिला, देवेगौडा आले. १९९७ ला देवेगौडा गेले, गुजराल आले. चारही वेळा पंतप्रधान गेल्यावर जोडलेलं सरकार, चारही वेळा काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा, आणि एकालाही वर्ष पुरं करता आलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे : ज्याच्या मतावर सरकार चालतं त्याने आत येऊन खुर्चीवर बसावं, जबाबदारी घ्यावी, लोकांची बोलणी खावी. बाहेर उभं राहून दोरी हातात ठेवायची हे लोकांशी बरोबर नाही. तुम्हाला काय वाटतं? आणि त्या दिवसांची कोणाची आठवण असेल तर जरूर लिहा.

गणिताचा मास्तर (देवास)

वाचनखूण साठवली. चोपडीच्या पानांचे फोटो टाका ना राव.

सातारी कंदी (पुणे, मूळगाव साताऱ्याकडे)

यशवंतरावांचं नाव निघालं म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचणारा माणूस. आमच्याकडे हा विषय निघाला की अजून घरात शांतता पसरते. १९६२ ला चीनच्या लढाईत नेहरूंनी बोलावलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे ज्यांनी ऐकत ऐकत आयुष्य काढलं त्या माझ्या वडिलांना १९७९ ची ती शपथ फार लागली. ते म्हणायचे, साहेब उपपंतप्रधान झाले ते बरोबरच, पण अशा घरात गेले की ज्याची चावी दुसऱ्याकडे! आणि ते घर उभं राहायला साहेबांचाच ठराव कारण. नुकतेच कुठे विरोधी पक्षनेते झाले होते, लगेच ठराव मांडला, आणि त्या ठरावाने एवढा मोठा पक्ष भुगा होईल असं खुद्द त्यांनाही वाटलं नसावं असं माझं मत.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. मोरारजींच्या राजीनाम्यानंतर राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी सरकार बनवता येतंय का ते बघा म्हणून आधी यशवंतरावांनाच बोलावलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की जमत नाही. तिथेच थांबले असते तर! आकडा नाही हे ज्याला चार दिवसांपूर्वी माहीत होतं त्याने त्याच आकड्यांवर दुसऱ्याच्या सरकारात का जावं? ओटाकर, तुमचा मुद्दा मान्य, पण आत जाणाऱ्यालाही सवाल विचारायलाच हवा.

छप्पनचा चहा (इंदूर)

ओटा भिया, एकदम जबरी धागा काढला तुम्ही. रविवारी पोहे-जिलेबी खात खात वाचून राहिलो आहे. आमच्या इथे दोन इंदुरी भेटले की पाच मिनिटात शेव कुठली चांगली आणि सरकार कोण पाडून राहिलं याच दोन गोष्टी निघतात.

चंबळपार (ग्वाल्हेर)

ओटासाहेब, सपशेल असहमत. बाहेरचा पाठिंबा हे नुसतं निमित्त. आम्ही ग्वाल्हेरच्या लोकांनी हे १९७९ च्या बारा वर्षं आधी बघितलंय. १९६७ ला राजमाता विजयाराजे शिंद्यांच्या पाठबळावर काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, मध्य प्रदेशातलं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार गेलं आणि गोविंद नारायण सिंग मुख्यमंत्री झाले. संयुक्त विधायक दल, आमच्याकडे सगळे 'संविद' म्हणायचे. त्यात सगळे आतच होते, सगळ्यांना खाती, सगळे जबाबदार. तरी काय झालं? पावणेदोन वर्षांत गोविंद नारायण सिंगांनी राजीनामा दिला, मग राजा नरेशचंद्र सिंग १३ दिवस मुख्यमंत्री, आणि शेवटी फिरून काँग्रेसच. माझे आजोबा दौलतगंजात राहायचे, ते सांगायचे की त्या दिवसांत सकाळी वर्तमानपत्र आल्याशिवाय कोणाचं सरकार आहे ते कळायचं नाही.

तेव्हा आत की बाहेर हा प्रश्न नाही. पंतप्रधान व्हायचंय म्हणून जे सरकार बनतं ते पडणारच. चरणसिंग शेतकऱ्यांचे मोठे नेते, जमीनदारी गेली त्यात उत्तर प्रदेशात त्यांचा मोठा वाटा, सगळं कबूल. पण १९७९ ला देशापुढे असा कुठला प्रश्न होता जो मोरारजी सोडवू शकत नव्हते आणि चौधरी २३ दिवसांत सोडवणार होते? सांगा.

आजीचा रेडिओ (उज्जैन, माहेर इंदूर)

चंबळपारदादा, प्रश्न होता. दुहेरी सदस्यत्वाचा. जनता पक्षात आलेल्या जनसंघवाल्यांनी संघाशी नातं ठेवायचं की नाही, यावरून समाजवादी नेते मधू लिमये हट्टाला पेटले होते. तुम्हाला तो प्रश्न पटो न पटो, पण नुसत्या खुर्चीसाठी सगळं झालं असं म्हणणं त्या लोकांवर अन्याय आहे.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये, आमच्या घरातून सांगतेय. जेलरोडच्या मागे आमचं एकत्र कुटुंब. बाबा आणि काका दोघं सेवादलातले, दोघं आणीबाणीत आत होते. १९७९ ला काका लिमयांच्या बाजूने, बाबा दंडवत्यांच्या, कारण मधू दंडवते जनता पक्ष सोडून गेले नाहीत. एका ताटात जेवलेले दोन सख्खे भाऊ, दोन महिने बोलणं बंद! मी सहावीत होते. जेवायला बसल्यावर बाबा मला सांगायचे, "तुझ्या काकाला विचार मीठ पुरे का," आणि काका त्यांच्या शेजारीच बसलेले. आई आणि काकू मात्र पोळ्या लाटताना हसून हसून बेजार. पण रात्री आईला रडताना पण पाहिलंय मी. एकोणीस महिने तुरुंगात काढून जे सरकार आणलं ते आपल्याच लोकांनी मोडलं याचं दुःख त्या घरात फार खोल होतं. आज हे लिहिताना सुद्धा हात थांबतोय.

निमाडी मिरची (खंडवा)

आमच्या खंडव्याचे खासदार तेव्हा कुशाभाऊ ठाकरे. धारचे, आपले मराठी माणूस. १९७९ च्याच पोटनिवडणुकीत निवडून आले आणि बसले तोवर लोकसभाच बरखास्त. ओटाकर, चोपडीत डावीकडे बघा, नाव असणार.

आणि राजकारणातलं काहीही विसरा, मला आठवतो तो कांदा. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, दुष्काळ पडला, आणि हिवाळ्यात कांदा सोन्याच्या भावाने. इंदिराबाईंनी प्रचारात कांद्यावरूनच रान उठवलं. आमची आजी म्हणायची, चौधरी खुर्चीवरून उतरले पण कांदा काही उतरेना.

काळा डगला (इंदूर)

वकील आहे म्हणून एक बाजू मांडतो, कारण सगळे नेत्यांच्या स्वभावावर बोलतायत आणि नियमांकडे कोणी बघत नाहीये.

१९७९ ला पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो आला १९८५ ला, ५२ व्या घटनादुरुस्तीने. म्हणजे ओटाकरांच्या आजोबांना खोडरबर का लागत होतं त्याचं खरं उत्तर हे आहे. खासदार सकाळी एका यादीत सही करायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या, त्याला अडवणारं काही नव्हतं. राष्ट्रपतींनी मोरारजी आणि चरणसिंग दोघांकडूनही पाठिंबा देणाऱ्यांच्या याद्या मागवल्या तर काही नावं दोन्ही याद्यांत निघाली! पुढे कायदा आला तरी त्यात एक तृतीयांश लोक फुटले तर चालतं अशी फट ठेवली होती, १९९० ला चंद्रशेखर त्याच फटीतून बाहेर पडले. ती बुजली २००३ ला, ९१ व्या दुरुस्तीने.

दुसरी गोष्ट. आपल्या घटनेत मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे, अनुच्छेद ७५. पण पाठिंबा देणारा जबाबदार असावा असं कुठेच नाही आणि तसा कायदा करणंही मला अवघड दिसतं, कारण खासदाराने मत कोणाला द्यायचं हा त्याचा हक्कच आहे. जर्मनीत मात्र एक चांगली सोय आहे. तिथे नुसतं सरकार पाडता येत नाही, पुढचा चॅन्सेलर कोण ते त्याच ठरावात सांगून त्याला बहुमत द्यावं लागतं. १९८२ ला श्मिट गेले आणि कोल आले ते असे, एकाच मतदानात. आपल्याकडे हे असतं तर जुलै १९७९ ला चव्हाणांना ठराव आणतानाच सांगावं लागलं असतं की मोरारजी नकोत तर मग कोण. सातारी कंदींना जे सलतंय त्याचं उत्तर मला इथे दिसतं.

आणि तिसरी, ही मला सगळ्यात जास्त खुपते. ज्या पंतप्रधानाने लोकसभेला एकदाही तोंड दिलं नाही त्याच्या सल्ल्यावरून २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त झाली. जगजीवनराम जनता पक्षाचे नेते होते, आकडा दाखवतो म्हणत होते, त्यांना एक संधी द्यायला हवी होती. एक दलित पंतप्रधान तेव्हाच झाला असता. संधी देऊन ते हरले असते तर हरले असते, सभागृहात तर हरले असते! बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं, हे बोम्मई निकालात सुप्रीम कोर्टाने १९९४ ला सांगितलं, राज्यांच्या संदर्भात. पंधरा वर्षं उशीर झाला.

गणिताचा मास्तर

डगलासाहेब, उत्तम प्रतिसाद. +१. जर्मनीचं माहीत नव्हतं.

सयाजीबाग (बडोदा)

मी जरा वेगळं लिहिते, विषयाला सोडून वाटलं तर संपादकांनी हलवावं.

मोरारजीभाई आमच्या गुजरातचे, बलसाडकडचे, त्यामुळे बडोद्याच्या आमच्या गल्लीत तो राजीनामा म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखं झालं होतं. मराठी घरं दांडिया बाजारात आमची बरीच, पण त्या दिवशी गुजराती शेजारी आणि आम्ही सगळे एकाच ओट्यावर. आणि मग ११ ऑगस्टला मोरबीचं मच्छू धरण फुटलं. काही तासांत अख्खं गाव पाण्याखाली. हजारो माणसं गेली. माझी आई आणि शेजारच्या बायका घरोघर जाऊन कपडे गोळा करत होत्या, आमच्या पुढच्या खोलीत गठ्ठ्यांवर गठ्ठे रचलेले, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि प्रत्येक गठ्ठ्याला सुतळीने चिठ्ठी बांधायचं काम मला दिलेलं : बायकांचे, लहान मुलांचे, पांघरुणं. बारा वर्षांची होते. राज्याचे मुख्यमंत्री बाबूभाई जशभाई पटेल मोरबीला तळ ठोकून बसले, ते चांगलं काम आजही लोक काढतात. पण दिल्लीत काय चाललं होतं? रेडिओवर आधी मोरबीची बातमी, मग लगेच कोण कोणाकडे गेलं, कोणाचा पाठिंबा कोणाला. बाबा रेडिओ बंद करायचे. म्हणायचे, इकडे माणसं गाळातून काढतायत आणि तिकडे माणसं मोजतायत.

म्हणून आत की बाहेर, कायदा की स्वभाव, यातलं मला फार कळत नाही. पण सरकार अधांतरी असतं तेव्हा त्याची किंमत दिल्लीबाहेर कोणीतरी भरत असतं एवढं मी पाहिलंय.

रामबागचा ओटा

सयाजीबागताई, विषय सोडून अजिबात नाही. उलट माझ्या मनात होतं ते तुम्ही नीट सांगितलंत. चोपडीतही ऑगस्टच्या पानावर 'मोरबी ५ रु.' अशी नोंद आहे, वर्गणी दिली असणार. आज तुमचा प्रतिसाद वाचून ती कसली ते कळलं.

निमाडी मिरची, बरोबर, कुशाभाऊ डावीकडेच आहेत आणि त्यांच्या नावाला खोडरबर लागलेलं नाही.

चंबळपार, संविदचा मुद्दा मानतो. पण १९९१ बघा. चंद्रशेखरांकडे स्वतःचे साठ-पासष्ट खासदार, बाकी सगळा भार बाहेरच्या काँग्रेसवर. तिजोरीत परकीय चलन संपत आलेलं, आणि अर्थमंत्री यशवंत सिन्हांना पूर्ण बजेट मांडता आलं नाही, अंतरिमवर भागवावं लागलं. मार्चमध्ये हरियाणाच्या दोन पोलीस शिपायांनी काँग्रेसचे अध्यक्ष राजीव गांधींच्या घरावर पाळत ठेवली या कारणावरून सरकार गेलं आणि काळजीवाहू सरकारला देशाचं सोनं बाहेर पाठवावं लागलं. काँग्रेसवाले आत असते तर त्यांनी बजेट अडवलं असतं का? आपल्याच मंत्र्याचं बजेट कोण अडवतो?

डावीकडून पहिला (भोपाळ)

ओटाकर, तुमच्या यादीत एक मोठं भोक आहे. २००४ ते २००८. डाव्यांचे साठेक खासदार, मनमोहनसिंगांना बाहेरून पाठिंबा, चार वर्षं चाललं. रोजगार हमी कायदा, माहितीचा अधिकार, वनहक्क कायदा, सगळे त्याच काळातले. अमेरिकेशी झालेल्या अणुकरारावरून पाठिंबा काढला तो सुद्धा महिनोन्‌महिने आधी सांगून, आणि सरकार तरीही पडलं नाही. तेव्हा बाहेरचा पाठिंबा म्हणजे दगाच असं कसं म्हणता? किमान समान कार्यक्रम लेखी होता, समन्वय समिती होती, बैठका व्हायच्या. १९७९ ला चरणसिंग आणि इंदिरा गांधी यांच्यात असा एक तरी कागद होता का?

आणि आत न जाण्याचं दुःख आमच्याइतकं कोणाला माहीत असणार. १९९६ ला ज्योती बसू पंतप्रधान होत होते, पक्षाने नको म्हटलं. ते स्वतः त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हणाले. मी तेव्हा कार्यकर्ता होतो, मतदान आपल्या हातात असतं तर मी आत जा म्हणालो असतो. म्हणजे ओटाकर, मनातून मी तुमच्याच बाजूचा, पण तुमची कारणं मला पुरी वाटत नाहीत.

छप्पनचा चहा

म्हणजे गोष्ट अशी होऊन राहिली की लग्न करा किंवा करू नका, पण जे ठरेल ते लिहून घ्या. आमचे मामा हेच सांगतात, घर भाड्याने देताना.

पोस्टातली लेक (महू)

छप्पनभाऊ 😀

माझी एक छोटी नोंद. देवेगौडा-गुजराल सरकारांना सगळे कडबोळं म्हणतात, पण आमच्या घरात पाचवा वेतन आयोग आला तो १९९७ ला, त्याच कडबोळ्याच्या काळात. वडील पोस्टात होते. थकबाकी मिळाली त्यातून घरावर पक्कं छत पडलं, तोवर पत्रे होते. पहिल्या पावसात रात्री आवाज आला नाही म्हणून आई दचकून उठली होती! बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा करार झाला तोही देवेगौडांच्या वेळी, डिसेंबर १९९६. अल्पायुषी सरकार म्हणजे निकामी सरकार नव्हे. फक्त त्यांना माणसासारखं काम करू द्यायला हवं होतं. देवेगौडांना काय म्हणून काढलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. काँग्रेसचे अध्यक्ष सीताराम केसरींनी पाठिंबा काढला, एप्रिलमध्ये सरकार हरलं, आणि दहा दिवसांत जवळपास तेच मंत्री घेऊन गुजराल! मग सरकारात वाईट काय होतं? आणि नोव्हेंबरात द्रमुकच्या मंत्र्यांना काढा म्हणून काँग्रेसचं परत तेच. गुजरालांनी साथीदारांना सोडलं नाही, राजीनामा दिला. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. आजच्या पक्षांबद्दलचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया १९७९ आणि त्याच्याशी जोडलेल्या इतिहासावरच राहावे.

चंबळपार

पोस्टातली लेक यांचा प्रतिसाद आवडला. १९९६ चं निघालंच आहे तर ग्वाल्हेरची बाजू सांगतो. अटलजी आमच्या शिंद्याच्या छावणीतले, इथेच शिकले. १६ मे ला शपथ झाली तेव्हा रस्त्यावर फटाके वाजले होते. भाजपचे १६१ खासदार, मित्रपक्ष धरून दोनशेच्या आत. २८ मे ला लोकसभेतलं भाषण दूरदर्शनवर लाईव्ह, आमच्या घरी खोलीत मावतील तेवढे शेजारी, बाहेर ग्वाल्हेरचं मे महिन्याचं ऊन, कूलरमधलं पाणी संपलेलं तरी कोणी उठेना. आकडा नाही हे त्यांनी मान्य केलं आणि सभागृहात सांगून राजीनामा द्यायला राष्ट्रपतींकडे गेले. वडील काँग्रेसचे, माधवराव शिंद्यांचे पक्के माणूस, त्यांनी सुद्धा मान खाली घातली.

आणि आता हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की चरणसिंगांबद्दल मला जे टोचतं ते हेच. हरायला हरकत नव्हती. १९७९ ला २० ऑगस्टला सभागृहात उभं राहून बोलायला हवं होतं. कोणी शब्द दिला होता, कोणी मोडला, कुठल्या अटी घातल्या होत्या, हे देशाला लोकसभेत सांगायला हवं होतं. इंदिरा गांधींवरचे खटले, ती विशेष न्यायालयं मागे घ्यायला चौधरी तयार झाले नाहीत म्हणून पाठिंबा गेला असं म्हणतात. हे खरं असेल तर ती त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. ती सभागृहाच्या नोंदीत यायला हवी होती.

आजीचा रेडिओ

चंबळपारदादा, काका अगदी हेच म्हणायचे हो. शेवटपर्यंत.

(अवांतर : दंडवत्यांचं नाव निघालं म्हणून. सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंची फोम आला तो ते रेल्वेमंत्री असताना. बाबा प्रत्येक प्रवासात बसताना बर्थ हाताने दाबून बघायचे आणि म्हणायचे, आमच्या सरकारने हे तरी ठेवलं मागे.)

निमाडी मिरची

अवांतराला +१०००. माझं अर्धं आयुष्य त्या फोमवर गेलंय, खंडवा-इंदूर सोडून. त्या मीटरगेजवर फोम असो नसो, पाठ काही वाचायची नाही.

सातारी कंदी

काळा डगला आणि डावीकडून पहिला, दोघांचे प्रतिसाद तीनदा वाचले. कागद हवा होता हे खरंय. पण एक सांगतो. त्या छोट्याशा सरकारात अण्णा द्रमुकचे मंत्री होते, द्रविड पक्षाचा माणूस केंद्रात मंत्री होण्याची ती पहिलीच वेळ. साताऱ्याकडचा उपपंतप्रधान, मेरठकडचा पंतप्रधान आणि तमिळ मंत्री एका टेबलाशी. पुढे सगळ्याच सरकारांनी तसं केलं, १९९६ ने केलं, १९९९ च्या वाजपेयींनी केलं. तेव्हा मात्र लोकांनी खिचडी म्हणून हिणवलं. वडिलांना हे दाखवायला हवं होतं मी, जिवंत असते तर. साहेब चुकीच्या घरात गेले असतील, पण घर अगदीच वाईट नव्हतं. १९८० च्या लाटेतही साताऱ्याने साहेबांना निवडून दिलं, ते उगाच नाही.

रामबागचा ओटा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी थोडा हललोय हे कबूल करतो. डावीकडून पहिला यांचा २००४ चा दाखला मला नीट खोडता येत नाही. कागद असेल, समिती असेल, तर बाहेरचा माणूसही बांधला जातो. पण मग मी माझं म्हणणं असं बदलतो : ज्याला पाठिंबा द्यायचाय त्याने एकतर आत यावं, नाहीतर कशासाठी आणि कुठवर ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहून द्यावं. तोंडी पाठिंबा नको. तोंडी पाठिंब्यावर सरकार बनवायला राष्ट्रपतींनीही बोलावू नये. डगलासाहेब, हे तरी करता येईल ना?

काळा डगला

येईल. आता लेखी पत्र मागतातच. १९९८ ला राष्ट्रपती नारायणन साहेबांनी सरकार बनवायला बोलावण्याआधी पाठिंब्याची पत्रं मागितली होती. फक्त त्यात 'किती दिवस' आणि 'कशासाठी' हे दोन रकाने अजून नाहीत.

गणिताचा मास्तर

ते सगळं ठीक. २० ऑगस्टच्या पानावर काय आहे? एवढं सगळं बोललो, ते पान कोणी बघितलंच नाही.

रामबागचा ओटा

मास्तर, आत्ता परत ट्रंक उघडून पान समोर घेऊन बसलोय.

वर तारीख, आणि कंसात 'श्रावणी सोमवार, शेवटचा'. उभी रेघ मारलेली आहे, पण डावीकडे-उजवीकडे नावं नाहीत, दोन्ही बाजू कोऱ्या. आई सांगते की त्या दिवशी दुपारपासून ओट्यावर ट्रान्झिस्टर ठेवून आठ-दहा जण बसले होते, आजोबांनी पेन्सिलीला टोक काढून चोपडी मांडीवर घेतलेली, मतदानाचा आकडा आला की लिहायचा म्हणून. शेजारचे काका उपास सोडायला सुद्धा घरी गेले नाहीत. मग बातमी आली की मतदान झालंच नाही. आजोबा काही बोलले नाहीत, पेन्सिल कानाला लावली आणि आत जेवायला गेले.

पानाच्या तळाशी मात्र शाईने, म्हणजे नंतर कधीतरी लिहिलेलं असणार, तीन ओळी आहेत :

'मत झाले नाही.
दूध २ शेर.
बुधवारी पोळा, मातीचे बैल आणणे.'

२२ ऑगस्टचं पान उघडलं तर तिथे राजकारणाचं एक अक्षर नाही. बैल, ४ नग, आणि पुढे किंमत. लोकसभा त्याच दिवशी बरखास्त झाली हे आज डगलासाहेबांच्या प्रतिसादात वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, जॉर्जच्या नावाचं पान जरा जपून उलटावं लागतंय.